जुन्या जीपची गंजलेली चासी : ठिगळ नको, दुरुस्ती हवी

पावसाळा संपला की मुरुड, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी या किनारपट्टीच्या गावांतील गॅरेजांत जुन्या जीपगाड्यांची रांग लागते. कोणाचा गिअर अडतो, कोणाची ब्रेकलाईन गळते, कोणाचा दरवाजा बसत नाही. मिस्त्री गाडीखाली शिरतो आणि दरवाजा न बसण्याचे खरे कारण त्याला खाली दिसते. चासीच्या लोखंडाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि बोट लावले तर गंजाचा भुगा हातात येतो. मग ग्राहक म्हणतो, "भाऊ, एक पट्टी मारून द्या, वरून काळा रंग लावा, एवढा सीझन निघाला पाहिजे."

आमच्या वाचकांत वेल्डर आहेत, गॅरेजवाले आहेत, डेंटिंग-पेंटिंग करणारे आहेत आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारेही बरेच आहेत. या सर्वांना कधी ना कधी या वाक्याला उत्तर द्यावे लागते. पट्टी मारून दिली तर संध्याकाळपर्यंत पैसे हातात येतात. पण त्या गाडीत उद्या घाटातून दहा माणसे बसून जाणार असतात. म्हणून चासीचा गंज म्हणजे काय, तो कसा तपासावा, नीट दुरुस्ती कशी करावी आणि कोणते काम हात जोडून नाकारावे, हे आज क्रमाने पाहू.

चासीचे काम काय ?

जुन्या जीपची बांधणी समजायला सोपी आहे. खाली शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा असतो. दोन लांब बाजूंना आपण लाँग मेंबर म्हणतो आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्यांना क्रॉस मेंबर. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, स्टिअरिंग बॉक्स हे सर्व या शिडीला धरून असते. बॉडी वरून फक्त बोल्टने बसवलेली असते. बॉडीचा पत्रा सडला तर गाडी कुरूप दिसते, चासी सडली तर गाडी मोडते.

ही बांधणी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विलीज जीपची. तिचा भारताशी संबंध कसा जुळला, ही गोष्टही व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४५ साली लुधियानात जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पेढी सुरू केली. तिचा मूळ धंदा पोलादाच्या व्यापाराचा होता. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे ३बी, एमएम ५४० अशी मॉडेले निघाली. आज कोकणात किंवा सह्याद्रीच्या वाड्यांवर ज्या जुन्या जीपा धावतात, त्यांतील बहुतेक याच घराण्यातील आहेत. इंजिन बदलले, गिअरबॉक्स बदलला, तरी खालची शिडी तीच राहिली.

लाँग मेंबरचा आडवा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. काही ठिकाणी त्याला पट्टी लावून बंद पेटी केलेली असते. उभ्या भागाला वेब आणि वरच्या-खालच्या आडव्या काठांना फ्लँज म्हणतात. हा फरक कारागिराने पक्का डोक्यात ठेवावा, कारण पुढचे सर्व काम त्यावर अवलंबून आहे. बांबू दोन टोकांवर ठेवून मधे भार दिला तर त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या भागावर ताण कमी येतो. चासीचेही तसेच आहे. गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा मोठा ताण फ्लँजवर येतो. म्हणून वेबच्या मध्यावरचे लहान भोक एक वेळ सोसते, पण फ्लँजच्या काठावरची चीर वाढत वाढत गाडीचे दोन तुकडे करू शकते.

गंज कुठे लपतो ?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. मीठ त्याचा वेग वाढवते, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. मीठ हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे गाडी वरून कोरडी दिसली तरी तळ ओलाच राहतो. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचे खारट पाणी रात्रंदिवस चासीवर ठिबकते. होडी ओढायला वाळूत उतरवलेल्या गाडीला तर समुद्रच चाटून जातो. अशा गाडीची चासी घाटावरच्या गाडीच्या कितीतरी आधी जाते.

गंजाची दुसरी खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर बसवले असतील आणि मधे पाणी गेले तर गंज फुगून दोन्ही पत्रे फाकवतो. आधी मारलेल्या ठिगळाखाली नेमके हेच होते. म्हणून जुन्या जीपमध्ये पुढील जागा आधी पाहाव्यात :

पाट्यांचे हँगर व शॅकल जेथे चासीला जोडले आहेत तो भाग. मागचा शेवटचा क्रॉस मेंबर, कारण चाकाने उडवलेला चिखल तेथे साचतो. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर. बॉडीच्या बोल्टखालची जागा, जेथे रबर किंवा कॅनव्हासचे तुकडे ओल धरून ठेवतात. दुहेरी पत्रा असलेला प्रत्येक भाग. बंद पेटीचा तळ, कारण त्यात वर्षानुवर्षांची माती असते. आणि बॅटरीच्या खालची जागा, कारण तेथे पाण्याबरोबर ॲसिडही गळते.

चासीचा गंज हा फक्त जुन्या आणि स्वस्त गाड्यांचा रोग आहे असेही समजू नये. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चासी गंजण्यावरून खटला झाला. २०१६ मध्ये कंपनीने तडजोड मान्य केली. सुमारे १५ लाख गाड्यांचा प्रश्न होता आणि तडजोडीची रक्कम ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. त्या देशात थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्याने हे केले. एवढी मोठी कंपनी चासीच्या गंजातून सुटली नाही, तर आपण काळा रंग मारून कसे सुटणार ?

आधी तपासणी, मग भाव

गाडी पाहताक्षणी भाव सांगण्याची सवय कारागिराचे नुकसान करते. सांगितलेल्या भावात काम बसत नाही आणि मग नुकसान टाळण्यासाठी काम कच्चे होते. त्यापेक्षा तपासणीचे वेगळे पैसे घ्यावेत आणि तपासणी झाल्यावर भाव सांगावा.

प्रथम दाबाच्या पाण्याने गाडीचा तळ धुवून घ्यावा, पेटीच्या आतूनही माती काढावी. गाडी पूर्ण वाळू द्यावी. मग साधी हातोडी घेऊन लाँग मेंबरवर वीतभर अंतराने हलके ठोके द्यावेत. चांगले लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. जेथे आवाज बदलेल तेथे टोच्या दाबून पाहावा. टोच्या आत गेला, तर तेथे लोखंड उरलेले नाही, फक्त रंगाची पापडी आहे. डांबर किंवा जाड अंडरकोट असेल तर तो खरवडून काढल्याशिवाय मत देऊ नये. तो नवा नवा दिसत असेल तर संशय जास्त घ्यावा.

यानंतर जाडी मोजावी. जुन्या जीपच्या चासीचा पत्रा साधारण तीन मिलीमीटरच्या आसपास असतो. पण पुस्तकातील आकड्यावर विसंबू नये, त्याच चासीवर न गंजलेली जागा शोधून ती मोजावी आणि तिलाच माप धरावे. व्हर्निअर जेथे पोचत नाही तेथे बारीक भोक पाडून मोजता येते. अल्ट्रासोनिक मापक असेल तर उत्तमच. मूळ जाडीच्या पाव हिस्स्यापेक्षा जास्त झीज दिसली तर तो भाग कापायच्या यादीत घालावा. हा हिशेब सावधपणाचा आहे, आणि चासीच्या बाबतीत सावधपणाच बरा.

प्रत्येक खराब जागेवर खडूने खूण करावी, फोटो काढावा आणि ग्राहकाला गाडीखाली बोलावून स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. टोच्या ग्राहकाच्या हातात द्यावा. स्वतःच्या हाताने लोखंडात भोक पडलेले पाहिले की 'एक पट्टी मारून द्या' ही भाषा आपोआप बंद होते.

काम केव्हा नाकारावे ?

तीन प्रकारची कामे नाकारलेलीच बरी. स्टिअरिंग बॉक्स जेथे चासीला बोल्टने बसतो तो भाग आणि पाट्यांचे हँगर दोन्ही बाजूंनी गेले असतील, आणि आजूबाजूलाही वेल्डिंग धरायला चांगले लोखंड नसेल, तर ते काम घेऊ नये. फ्लँज हातभर लांबीचा सलग सडला असेल आणि तसे दोन-तीन ठिकाणी असेल, तर जोडण्यासारखे काही उरत नाही. आणि चासी एकाच वेळी सडलेली व वाकलेली असेल, तर ती भंगाराच्या मापाची आहे.

अशा वेळी ग्राहकाला दुसरी चांगली चासी शोधण्याचा सल्ला द्यावा. काम हातचे जाते हे खरे. पण रस्त्यात मोडलेली गाडी ज्याच्या गॅरेजातून निघाली त्याचे नाव बाजारात फार दिवस घेतले जाते.

ट्रक व काही आधुनिक गाड्यांच्या चासी उष्णतेची प्रक्रिया केलेल्या कणखर पोलादाच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची ताकद कमी होते. या लेखातील पद्धत जुन्या जीपच्या साध्या पोलादासाठी आहे, ती तशीच ट्रकवर वापरू नये.

उघडणे, टेकवणे, मोजणे

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढावी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवाव्यात. या जीपांत पेट्रोल किंवा डिझेलची टाकी बहुधा ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे लाँग मेंबरला लागूनच. ती काढून गॅरेजच्या बाहेर दूर ठेवावी. टाकी रिकामी आहे म्हणून तशीच ठेवू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. ब्रेकच्या नळ्या व वायरिंगही कामाच्या जागेपासून बाजूला करावे.

काम मोठे असेल तर बॉडी उतरवणेच सोयीचे. जीपची मोकळी केलेली बॉडी चार-सहा माणसांना उचलता येते. नंतर चासी सुटी करून घोड्यांवर ठेवली की ती हवी तशी उलटता येते. सर्व टाके सपाट जागेवर बसून मारता येतात. गाडीखाली आडवे पडून डोक्यावर मारलेला टाका आणि समोर ठेवून मारलेला टाका यांत फार फरक पडतो.

कापण्यापूर्वी मापे घ्यावीत. पुढच्या डाव्या हँगरच्या बोल्टपासून मागच्या उजव्या हँगरच्या बोल्टपर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण मोजावेत. ओळंबा सोडून फरशीवर खुणा करून मोजले तर माप अचूक येते. दोन्ही कर्ण सारखे असतील तर चासी काटकोनात आहे. चार-पाच मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चासी तिरकी झाली आहे, तिला आधी सरळ करावे लागेल. मग सर्व मापे वहीत लिहावीत आणि जेथे कापायचे आहे त्याच्या दोन्ही बाजूंना अँगलचा तात्पुरता आधार टाके मारून जोडावा. हा आधार न देता लाँग मेंबर कापला तर चासी किंचित सरकते. तशीच जोडली गेली तर पुढे गाडी एका बाजूला ओढत राहते, टायर खात राहते आणि दोष अलाइनमेंटवाल्याला दिला जातो.

सडलेले कापा, झाकू नका

गंजावर पट्टी ठेवून चारही बाजूंनी वेल्डिंग करणे ही आपल्याकडची सर्वात मोठी चूक आहे. टाका गंजाला धरत नाही, तो भोके भोके होऊन वरवर बसतो. आत कोंडलेला गंज वाढत राहतो आणि दीड-दोन वर्षांत पट्टीच्या कडेनेच चासी फाटते.

म्हणून सडलेला भाग पूर्ण कापून काढावा. खडूच्या खुणेवर न थांबता चांगले, चकाकणारे लोखंड लागेपर्यंत मागे जावे. कापताना कोपरे गोल ठेवावेत, कारण चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. आधीच चीर असेल तर ती जेथे संपते तेथे बारीक भोक पाडावे, मग ती पुढे जात नाही.

नवा तुकडा मूळ चासीच्याच जाडीचा आणि चांगल्या माइल्ड स्टीलचा घ्यावा. बाजारात तो आयएस २०६२ या दर्जाने मिळतो. 'मजबुतीसाठी' जाड पट्टी लावू नये. जाड आणि पातळ लोखंड जेथे भेटते तेथेच सगळा ताण गोळा होतो, आणि पट्टी शाबूत राहून शेजारची चासी मोडते. भंगारातील कोणताही अँगल ठोकून बसवण्याचा मोहही टाळावा. प्रेस किंवा बेंडिंग मशिनवर 'सी' आकार वळवून आणावा.

लाँग मेंबरचा पूर्ण तुकडा बदलायचा असेल तर एका सरळ उभ्या रेषेत कापू नये. वरच्या फ्लँजचा जोड एका ठिकाणी, खालच्या फ्लँजचा दुसऱ्या ठिकाणी, आणि वेबमध्ये तिरका छेद, असा पायरीचा जोड करावा. म्हणजे सगळे टाके एकाच जागी येत नाहीत आणि एक जोड कमकुवत निघाला तरी बाकीचे धरतात.

वेल्डिंगचे तंत्र

टाका मारायच्या जागेपासून दोन्ही बाजूंना बोटभर रंग, गंज, ग्रीस घासून काढावे. येथे एक गंभीर इशारा आहे. काही ब्रेक क्लीनर व डिग्रीझरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो. तो लावलेल्या जागी वेल्डिंगची आग लागली की फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू शस्त्र म्हणून वापरला होता. म्हणून वेल्डिंगच्या जागेवर असे क्लीनर वापरूच नये. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट व पट्ट्याही आधी घासून घ्याव्यात. जस्ताच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने धूर उतरतो हा आपल्या गॅरेजांतील समज खोटा आहे. उघडी हवा, पंखा आणि धुराचा मास्क हाच इलाज.

तीन मिलीमीटरच्या पत्र्याला अडीच मिलीमीटरचा रॉड पुरतो, करंट साठ ते नव्वद अँपिअरच्या दरम्यान ठेवून आधी तुकड्यावर चाचणी करावी. साधा ६०१३ रॉड चालवायला सोपा आहे. ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड जास्त चिवट टाका देतो, पण तो कोरडाच हवा. कोकणातील पावसाळ्यात उघड्या पुडक्यातील रॉड ओल धरतो आणि टाक्यात बारीक चिरा पडतात, म्हणून तो भट्टीत तापवून वापरावा लागतो. सीओटू मिग मशिन असेल तर पातळ पत्र्यावर काम सोपे होते. पण मिगचा टाका वरून सुंदर दिसूनही आत न शिरलेला असू शकतो, म्हणून करंट कमी ठेवू नये. समोरासमोरच्या जोडात दीड-दोन मिलीमीटरची फट ठेवली की टाका आरपार जातो.

एका दमात लांब टाका ओढू नये. दोन-तीन बोटे टाका मारावा, मग दुसऱ्या बाजूला जावे, पहिला थंड होऊ द्यावा. उष्णता एका जागी साठली की चासी वाकते. प्रत्येक टप्प्यानंतर कर्ण पुन्हा मोजावेत. घाई म्हणून गरम टाक्यावर पाणी ओतू नये, त्याने लोखंड ठिसूळ होते.

समोरासमोरचा जोड झाल्यावर टाका घासून सपाट करावा आणि वेबवर आधाराची पट्टी बसवावी. ही पट्टी चौकोनी नको, दोन्ही टोके निमुळती असलेली, लांबट पतंगाच्या आकाराची हवी. तिच्या टोकांना फ्लँजच्या काठापासून दूर ठेवावे. पट्टीत चार-पाच भोके पाडून ती टाक्याने भरली तर पकड वाढते. फ्लँजच्या काठावर आडवा टाका कधीही संपवू नये, तेथूनच चीर निघते. सर्व झाल्यावर स्लॅग झाडून प्रत्येक टाका उजेडात पाहावा. भोके, कडेची चर किंवा चीर दिसली तर ती घासून काढून पुन्हा मारावी. त्यावर पुट्टी भरणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे.

गंज परत येऊ नये म्हणून

वेल्डिंग झाले म्हणजे अर्धे काम झाले. टाक्याची जागा ही गंजाची पहिली जागा असते. ज्या पृष्ठभागांवर पट्टी बसणार त्यांना जोडण्याआधीच वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर लावावा. नंतर उघड्या लोखंडावर इपॉक्सी किंवा झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर चासी पेंट द्यावा. नुसता रेड ऑक्साईड ओल पूर्ण अडवत नाही. पट्टीच्या कडा सीलरने बंद कराव्यात. बंद पेटीच्या तळाला पाणी जायची भोके ठेवावीत आणि जुनी बुजली असतील तर उघडावीत. रंग वाळल्यावर पेटीच्या आत लांब नळीने मेणाचा थर फवारावा.

गंजावर लावायची जी द्रव औषधे मिळतात, त्यांत फॉस्फरिक किंवा टॅनिक ॲसिड असते. ती वरवरच्या गंजाला स्थिर करतात. गेलेले लोखंड ती परत आणत नाहीत, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. जुने इंजिन ऑइल फासण्याची पद्धतही सोडावी. त्याने पाट्यांचे व बॉडीचे रबर फुगून खराब होते आणि ठिबकलेले तेल जमीन व विहीर नासवते. कडक डांबराला तडे जातात आणि पाणी त्याच्या मागे अडकून राहते.

ग्राहकाला दोन गोष्टी सांगून पाठवावे : खाऱ्या पाण्यात किंवा वाळूत गाडी गेली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ धुवा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा तपासणीला आणा. बॅटरीखाली ॲसिड सांडले असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुतले की ते निकामी होते.

कागद आणि कायदा

चासी नंबर चासीवरच ठोकलेला असतो. तो भाग कापू नये, घासू नये आणि कोणी कितीही पैसे दिले तरी दुसरा नंबर ठोकून देऊ नये. चोरीच्या गाड्या अशाच जिरवल्या जातात आणि पोलीस प्रथम वेल्डरच्या दारात येतात. नंबराजवळच गंज असेल किंवा पूर्ण चासी बदलायची असेल तर मालकाला आधी आरटीओची लेखी परवानगी आणायला सांगावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला जाते, तेव्हाही नंबर वाचता येणे आणि चासी शाबूत असणे कामी येते.

हिशेब सरळ ठेवा

समजा, मासळी वाहणारी एक जुनी जीप आली. तपासणीत मागचा क्रॉस मेंबर गेलेला, डाव्या लाँग मेंबरचा दीड फूट भाग सडलेला आणि एक हँगर कमकुवत निघाला. अशा वेळी भाव एका आकड्यात सांगू नये. उघडणे व जोडणे, लोखंड व बेंडिंग, वेल्डिंगची मजुरी, रंग व मेण, असे चार भाग कागदावर लिहावेत. 'उघडल्यावर जास्त गंज निघाल्यास विचारून पुढे जाऊ' हे वाक्य लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. कापलेले तुकडे गाडी देताना ग्राहकाला दाखवावेत. कामाच्या आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो जपून ठेवावेत. हा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर तेही आधीच सांगावे.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांसाठीही हेच माप आहे. विकत घेताना हातोडी आणि टोच्या बरोबर न्यावा. विकताना चासी दुरुस्त केलेली असेल तर ती कुठे, कशी केली हे फोटोसह सांगावे. झाकलेला गंज एका पावसात उघडा पडतो. दाखवलेल्या दुरुस्तीला मात्र गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतो, कारण खाली काय आहे हे त्याला कळलेले असते.

गाडीखालचे काम कोणी वाकून पाहत नाही. ते करणाऱ्यालाच ठाऊक असते. ग्राहक आपली गाडी आणि त्यात बसणारी आपली मुलेबाळे तुमच्या हाती अमानत म्हणून देतो. सडलेले कापून, मोजून, नीट जोडून दिलेली चासी पुढची कित्येक वर्षे चालते, आणि अशा एका गाडीमागे पाच गिऱ्हाईके आपोआप येतात. धंद्यातील बरकत दुसरी कोणती असते ?